मनावरचा जुना घाव आणि घरातली नाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाला येणारी माणसं "माझ्यावर आघात झालाय" असं म्हणत क्वचितच येतात. ती येतात घरातल्या कुरबुरी घेऊन. नवरा बोलत नाही, मुलगी खोलीबाहेर येत नाही, सूनबाई कशालाही दचकतात, मला सारखा राग येतो. दोन-तीन भेटी झाल्या की बोलता बोलता एखादी जुनी गोष्ट निघते, आणि मग आजच्या कुरबुरींचा उलगडा व्हायला लागतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा कुटुंबांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं अनेक घरांतल्या गोष्टी एकत्र करून, कुणाची ओळख पटणार नाही अशी लिहिली आहेत.

प्रत्येक दुःखाला मानसिक आघात म्हणायचं का?

नाही. नापास होणं, लग्न मोडणं, नोकरी जाणं यांचं दुःख खरंच असतं, पण ते बहुतेकदा हळूहळू ओसरतं. जिथे जीव, शरीर किंवा अब्रू धोक्यात येते आणि आपल्या हातात काहीच उरलं नाही असं वाटतं, तिथे मनाला खोल इजा होते. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, घरातली रोजची हिंसा ही त्याची उदाहरणं.

आपल्या भागाने असे प्रसंग कमी पाहिलेले नाहीत. २६ जुलै २००५चा पूर, ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याजवळ कोसळलेली आणि ७४ जणांचा जीव घेणारी इमारत, ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडलेले प्रवासी. २०२१च्या कोविड लाटेत बेडसाठी रात्रभर फोन फिरवलेली आणि आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही न मिळालेली कुटुंबं तर जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहेत.

तरीही एकाच प्रसंगातून गेलेल्या सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, पण त्यातून आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, होणाऱ्यांचं प्रमाण ५.६ टक्के आहे. बाकीचे काही काळाने सावरतात. ज्यांना सावरता येत नाही ते कमकुवत असतात, असं मात्र अजिबात नाही. त्या वेळचं वय, आधी सोसलेलं दुःख आणि मुख्य म्हणजे नंतर पाठीशी कोण उभं राहिलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

माझ्या बाबतीत असं काही मोठं घडलंच नाही. मग माझं मन असं का?

हा प्रश्न विचारणारे लोक स्वतःला सर्वांत जास्त दोष देतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका ताईंचं उदाहरण घ्या. कळव्याच्या चाळीत वाढलेल्या, आता घोडबंदर रोडला राहतात, चांगली नोकरी आहे. लहानपणी वडिलांची स्कूटर गल्लीत वळली की आवाजावरूनच त्यांना कळायचं. टीव्ही बंद, पुस्तक उघडं, धाकट्या भावाला आत ढकलायचं. वडील किल्ली टेबलावर कशी ठेवतात यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज यायचा. वडिलांनी त्यांच्यावर हात फार वेळा उगारला नाही. पण रोज संध्याकाळी सहा ते रात्री दहा ते घर श्वास रोखून बसलेलं असायचं. आज त्या पस्तिशीच्या पुढे आहेत आणि साहेबांनी मेसेजला नुसतं 'ओके' लिहिलं तरी त्यांना रात्रभर झोप येत नाही.

ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईवर होणारी हिंसा, घरातलं व्यसन, घरातल्या कुणाचा मानसिक आजार असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं. या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि कधी कधी काही घडलेलं नसतं, तर जे मिळायला हवं होतं ते मिळालेलं नसतं. रडणाऱ्या मुलाला कुणी जवळ घेतलं नाही, भीती वाटते म्हटल्यावर सगळे हसले, दर निकालाला मावसभावाशी तुलना झाली. त्याचाही ठसा राहतो.

इतकी वर्षं काही नव्हतं. आता अचानक का त्रास होतोय?

त्या दिवशीची तारीख मन विसरू शकतं, पण वास, आवाज, हवा यांच्या खुणा शरीर धरून ठेवतं. २००५च्या पुरात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ठाणे जिल्ह्यातल्याही कित्येक सखल वस्त्यांत घरांत पाणी शिरलं. त्या रात्री दोन लहान मुलांना घेऊन माळ्यावर बसून राहिलेल्या एक काकू आज सहाव्या मजल्यावर राहतात. तरी जुलैत रात्री पावसाचा जोर वाढला की त्या उठतात, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, मुलांची सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीला दोन गाठी मारून ती कपाटावर ठेवतात आणि मगच पाठ टेकतात. सहाव्या मजल्यावर पाणी येणार नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे. पण धोक्याची सूचना देणारा मेंदूचा भाग विचार करणाऱ्या भागाला विचारून काम करत नाही. सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीवर मांजराने उडी मारली तरी अलार्म वाजतो, तसंच हे आहे. अलार्म खराब नसतो, तो नको इतका हळवा झालेला असतो.

आयुष्यातले काही टप्पे तो हमखास वाजवतात. लग्न, बाळंतपण, ज्याने त्रास दिला त्याचा मृत्यू, निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ. आपलं मूल त्याच वयाचं होणं हा एक मोठा टप्पा. आठव्या वर्षी अत्याचार सोसलेली आई स्वतःची मुलगी आठ वर्षांची झाली की कारण न कळता अस्वस्थ होते, तिला बिल्डिंगच्या खालीसुद्धा खेळायला पाठवत नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी धडधड, ॲसिडिटी, अंगदुखी जात नाही. हे मनाचं असू शकतं?

असू शकतं. पण आधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाचे आजार यांनीही धडधड होते आणि घाम फुटतो, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांना वगळून थेट "टेन्शनमुळे आहे" असं ठरवू नका.

तपासण्या व्यवस्थित आल्या, तर पुढचा विचार करावा. सतत सावध राहिलेल्या शरीरात ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वेळी-अवेळी उसळतात. खांदे आखडतात, पचन बिघडतं, झोप वरवरची लागते. "मनाचं आहे" याचा अर्थ "खोटं आहे" असा नाही. दुखणं खरं असतं आणि दुखतंही खरंच.

तेव्हा मी ओरडले का नाही? पळून का गेले नाही?

कारण त्या क्षणी निर्णय तुमच्या हातात नव्हता. मोठ्या धोक्यात शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं. गोठलेल्या अवस्थेत आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत, कधी कधी आपण स्वतःकडे दुरून पाहतो आहोत असं वाटतं. लैंगिक अत्याचारात हे पुष्कळदा घडतं. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. तुम्ही तेव्हा लहान मूल असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, दोष शंभर टक्के मोठ्या माणसाचा. ही गोष्ट तुम्हाला आजवर कुणी स्पष्टपणे सांगितली नसेल, तर आम्ही सांगतो.

नुसता त्रास कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

घटनेनंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं, दचकणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं. महिना उलटला तरी ते कमी होत नसेल आणि काम, घर, नाती यांत अडथळा येत असेल, तर तज्ज्ञांना भेटावं. ते साधारण चार गोष्टी पाहतात: प्रसंग स्वप्नांतून किंवा जागेपणी पुन्हा जगल्यासारखा वाटणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा आणि माणसं टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मत काळवंडणं, शरीर सतत सावध राहणं. काहींमध्ये हे सगळं सहा महिन्यांनीही सुरू होतं.

पीटीएसडी या निदानाला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८०मध्ये स्थान मिळालं. वर्षानुवर्षं चाललेल्या छळातून होणारा गुंतागुंतीचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०२२पासून वेगळा धरला जातो. त्यात वरच्या त्रासांसोबत भावना आवरता न येणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नाती टिकवता न येणं हेही असतं. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना हेच वर्णन जास्त ओळखीचं वाटतं.

याचा नात्यांवर नेमका कसा परिणाम होतो?

ज्याला माणसाकडून इजा झाली, त्याला माणूस जवळ आला की आधार आणि धोका दोन्ही एकदम जाणवतं. बाकीचं बरंचसं यातूनच येतं.

नवरा-बायकोत याची सर्वांत नेहमीची जोडी अशी: एकाला भांडण लगेच मिटायला हवं असतं आणि दुसरा गप्प होतो. ऐरोलीच्या एका जोडप्यात रोजचं ठरलेलं होतं. ती विचारायची, "काय झालंय, बोल ना." तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा. ती आवाज चढवायची, तो चप्पल घालून खाली निघून जायचा. तिच्या दृष्टीने तो बेफिकीर, त्याच्या दृष्टीने ती भांडखोर. पुढे कळलं की तिची आई ती लहान असताना काही न सांगता घर सोडून गेली होती, त्यामुळे कुणी पाठ फिरवली की तिचा जीव कासावीस होतो. आणि त्याच्या घरी आवाज चढला की पुढची पायरी पट्ट्याची असायची, त्यामुळे चढा आवाज ऐकला की त्याचं शरीर बंद पडतं. दोघंही एकमेकांशी भांडत होते, पण घाबरत होते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या माणसांना. त्यांनी एक साधी गोष्ट ठरवली. तो खाली जाताना "अर्ध्या तासात येतो" असं सांगून जाईल आणि खरोखर अर्ध्या तासात येईल. ती तोवर फोन करणार नाही. पहिल्या महिन्यात ते दोनदा फसलं. पण तिथून पुढे वाट निघाली.

शरीरसंबंधांबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही, म्हणून इथे लिहितो. लहानपणी अत्याचार झालेल्या व्यक्तीला जोडीदारावर मनापासून प्रेम असूनही स्पर्शाने अंगावर काटा येऊ शकतो, किंवा त्या वेळी ती व्यक्ती मनाने तिथे नसतेच. जोडीदाराला तो नकार स्वतःचा अपमान वाटतो. लग्नानंतर वर्षभर हा विषय दोन्ही घरांच्या बैठकीत निघतो, डॉक्टर-ज्योतिषी सगळे होतात, फक्त त्या दोघांना कुणी एकांतात शांतपणे विचारत नाही.

अजून काही रूपं सांगतो. कुणाला कधीच नाही म्हणता येत नाही, ऑफिसचं, सासरचं, सोसायटीचं सगळं तीच ओढते आणि मग एक दिवस क्षुल्लक कारणाने फुटते. कुणी दर तासाला लोकेशन मागतो. कुणी नातं चांगलं चाललेलं असतानाच तोडतो, कारण ते तुटणारच हे त्याने मनाशी धरलेलं असतं. आणि कित्येक पुरुष फक्त रागच दाखवू शकतात, कारण भीती आणि रडू या दोन गोष्टींना त्यांच्या घरात जागाच नव्हती.

"माझा स्वभावच असा आहे, आता काय बदलणार?"

स्वभावाला औषध नाही, असं आपण किती सहज म्हणून जातो. पण घुमा, तापट, संशयी, चिकट, तुटक असे शिक्के ज्यांच्यावर बसले, त्यांपैकी अनेकांचा तो मूळ स्वभाव नसतो. कधीकाळी तगून राहण्यासाठी शिकलेली ती युक्ती असते. घरात बोललं की मार मिळायचा, म्हणून गप्प राहणं शिकलेला मुलगा चाळिशीत घुमा म्हणून ओळखला जातो. युक्ती त्या वेळी उपयोगी होती, आज ती नडते आहे. शिकलेली गोष्ट सोडून नवी शिकता येते, आणि यासाठीचे उपचार आहेत. आमच्या मते घरच्यांनी सर्वांत आधी सोडून द्यायचा असेल, तर तो हा शिक्का.

माझ्या जोडीदारावर असा आघात झालाय. मी काय करू?

"विसरून जा", "किती दिवस तेच", "दुसऱ्यांचं बघ, त्यांनी काय काय सोसलंय" ही वाक्यं बंद करा. मागून येऊन अचानक खांद्यावर हात ठेवू नका, आधी हाक मारा. भांडणात त्या जुन्या गोष्टीचा पुरावा म्हणून वापर तर कधीच करू नका. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अंगावर फेकली गेली, की माणूस पुन्हा वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. ऐकताना सल्ला देण्याची घाई नको. "तुला आत्ता काय हवंय, मी जवळ बसू की एकटं राहायचंय?" एवढं विचारलं तरी खूप झालं.

पण एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. आघात हे वागण्याचं कारण असू शकतं, मारहाणीचा परवाना असू शकत नाही. नवरा लहानपणी मार खाऊन वाढला असेल, त्याच्याबद्दल आम्हाला कणव आहे. तरी त्याने हात उचलला तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा आहे, आणि त्यात शारीरिक हिंसेबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. त्याला बरं करायची जबाबदारी एकट्या बायकोची नाही.

ज्यांनी त्रास दिला ते आई-वडील आता म्हातारे झालेत. त्यांना माफ करायलाच हवं का?

नाही. नातेवाईक म्हणतील, "जन्मदाते आहेत, किती दिवस राहिलेत त्यांचे." माफी ही तुमची इच्छा असेल तर द्या, नसेल तर त्यावाचूनही बरं होता येतं. बरं होण्याची ती अट नाही.

त्यांच्याशी बोलायचं की नाही, हे मात्र विचारपूर्वक ठरवा. काही पालक ऐकून घेतात, रडतात, म्हणतात "आम्हाला कळलं नाही तेव्हा." अनेक जण उलटून पडतात: "तुमच्यासाठी एवढं केलं, आणि आता हे ऐकायचं?" दुसऱ्या उत्तराची तयारी मनाशी झाली असेल तरच विषय काढा. गणपतीत, सगळं घर भरलेलं असताना तर नकोच. सेवा करायची, औषधपाणी बघायचं, पण एका छताखाली राहायचं नाही, किंवा नातवंडांना त्यांच्याकडे एकटं ठेवायचं नाही, अशीही मांडणी करता येते. तिला कृतघ्नपणा म्हणत नाहीत.

मुलांमध्ये हे कसं ओळखायचं?

मुलं बोलून दाखवत नाहीत, वागून दाखवतात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, खेळात तोच प्रसंग परत परत येतो, आईला एक मिनिट सोडवत नाही. मोठी मुलं चिडचिडी होतात, अभ्यासात घसरतात, कुणा एका माणसाचं नाव काढलं की गप्प होतात. या शेवटच्या खुणेकडे नीट लक्ष द्या.

मुलाने काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही" असं म्हणा. उलटतपासणी घेऊ नका. लैंगिक अत्याचार असेल तर मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते.

अपघात किंवा मृत्यू झालेल्या घरी भेटायला जायचंय. काय बोलावं?

"कसं झालं?" हे विचारू नका. भेटायला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो आणि त्या घरच्या माणसाला दिवसभरात तो प्रसंग पुन्हा पुन्हा उगाळावा लागतो. घटनेनंतर लगेच सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, काहींना उलट अपाय होतो. डबा न्या. बँकेची, रुग्णालयाची कागदपत्रं करायला कुणीतरी सोबत जा. मुलांना तासभर सांभाळा. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलेल, तेव्हा ऐका. आणि दहाव्या-तेराव्यानंतर, सगळे पांगल्यावर, एक फोन करा. त्या दिवसांत तो फोन फार मोलाचा असतो.

उपचार कोणते असतात? सगळं सांगावं लागतं का?

आघातावर केंद्रित अशा मानसोपचार पद्धतींचा उपयोग अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे. विचार आणि वागणं यांवर काम करणारी सीबीटी, टाळलेल्या आठवणींना सुरक्षित जागी टप्प्याटप्प्याने सामोरं नेणारी एक्सपोजर पद्धत, आणि डोळ्यांच्या ठरावीक हालचालींसोबत आठवण मनात आणून तिची धार कमी करणारी ईएमडीआर. ही शेवटची १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. शेवटच्या पद्धतीत घटनेचा तपशील फार बोलावा लागत नाही.

पहिल्याच दिवशी सगळं सांगायची सक्ती कुठलाच चांगला तज्ज्ञ करत नाही. आधी झोप, सुरक्षितता, स्वतःला सावरायच्या रीती. आठवणींचं काम त्यानंतर. एखाद्या व्यक्तीसमोर बसून तुम्हाला लाज वाटते, घाई केली जाते असं वाटलं, तर तज्ज्ञ बदला.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्य आणि आघातोत्तर त्रासावर दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं सवय लावणारी नाहीत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांतल्या काहींची सवय लागते, आणि आघातोत्तर त्रासावर त्या योग्य उपचारही नाहीत. शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून ती गोळी घेऊ नका. दारूचंही हेच. तिने झोप लागते असं वाटतं, प्रत्यक्षात झोपेचा कस जातो आणि भयस्वप्नं, चिडचीड वाढते.

ठाण्यात, नवी मुंबईत कुणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोचू नका. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून स्वतःला ट्रॉमा कोच म्हणवणाऱ्यांपासून लांब राहा, हे कळकळीने सांगतो.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासून आहे. तिथली ओपीडी सर्वांसाठी खुली असते, भरती व्हावंच लागतं असं नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयं असल्याने तिथे मानसोपचार विभाग आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था मराठीतून काम करते. मराठीचा मुद्दा लहान नाही. लहानपणीची गोष्ट त्या वेळच्या भाषेतच बाहेर येते, इंग्रजीत सांगताना माणूस ती अहवालासारखी वाचून दाखवतो.

घराबाहेर पडणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.

ऑफिसला किंवा सोसायटीत कळेल का?

तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद मोजके: जिवाला धोका असणं, मुलावर अत्याचार चालू असणं, न्यायालयाचा आदेश. याच कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकीच जागा द्यावी लागते. ओपीडी आणि समुपदेशनाचा खर्च तुमच्या पॉलिसीत आहे का, हे मात्र वेगळं विचारून घ्या.

घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे.

देवाला जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जा, उपचारांच्या आड ते येत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं होत असेल, तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि त्या माणसावर तो नवा आघात आहे.

थेरपी सुरू होईपर्यंत स्वतः काय करता येईल?

भूतकाळाची लाट आली की डोळे मिटू नका, उघडे ठेवा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. पावलं जमिनीवर दाबा. आजची तारीख आणि जागा मोठ्याने म्हणा: "मी ठाण्यात आहे, माझ्या घरात आहे, मी आता मोठी आहे." श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. लोकलच्या गर्दीत हे तोंडातल्या तोंडातही जमतं, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

झोपेची आणि जेवणाची वेळ धरून ठेवा. तलावपाळीला किंवा पाम बीचकडच्या पदपथावर रोज थोडं चाला, शक्यतो कुणाच्या तरी सोबत. अपघाताचे व्हिडिओ ग्रुपवर आले तर उघडू नका आणि पुढे तर पाठवूच नका. विश्वासाचं एकच माणूस शोधा आणि त्याला पूर्ण गोष्ट नाही सांगितली तरी "मला सध्या जड जातंय" एवढं सांगा.

लगेच मदत कधी मागायची?

मरणाचे विचार येत असतील, स्वतःला इजा केली जात असेल, चार-पाच दिवस झोप आणि अन्न सुटलं असेल, किंवा घरात जिवाला धोका असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मनातलं बोलायला १४४१६ आहे. अशा माणसाला एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यायचं?

चालू औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि सर्वांत जास्त सतावणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहून. बोलायला सुचलं नाही तर कागद पुढे करा, तोही चालतो. सोबत कुणी हवं असेल तर न्या, पण थोडा वेळ एकट्याने बोलू द्या असं तुम्ही सांगू शकता. फी आणि वेळ आधी फोनवर विचारा. आणि शक्यतो त्या दिवशी अर्धी रजा टाका. पहिल्या भेटीनंतर पुष्कळांना थकवा येतो, रडू येतं, काहींना गाढ झोप लागते. लगेच गर्दीची लोकल पकडून कामावर जायची घाई नको.